मावळातली लेणी पांडवांची? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याच्या पायऱ्या चढताना कुणीतरी हमखास सांगतं, ‘ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली.’ जुन्या वास्तूला पुराणातलं किंवा धर्मग्रंथातलं नाव चिकटणं काही मावळापुरतं नाही. उदाहरण जेरिकोचं, म्हणजे मराठी बायबलातल्या यरीहोचं. तिथल्या टेकाडात १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन गार्स्टँग यांना कोसळलेली तटबंदी सापडली आणि बायबलातल्या यहोशवाच्या काळी पडलेली भिंत ती हीच, असं त्यांनी ठरवलं. पुढे १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तिथले थर नव्याने तपासले, तेव्हा ती भिंत त्या काळाच्या सुमारे हजार वर्षं आधीची निघाली. मावळात एवढं खणावं लागत नाही. इथल्या दात्यांनी आपली नावं खडकावरच कोरून ठेवली आहेत.

गैरसमज १ : लेणी पांडवांनी खोदली.
वस्तुस्थिती : कार्ले, भाजे आणि बेडसे इथल्या ब्राह्मी लेखांत पांडव कुठेच नाहीत. लेखांचं अक्षरवळण, कोरीवकामाची शैली आणि राजांची नावं यांवरून काळ ठरतो. भाज्याचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याचं मोठं चैत्यगृह त्यानंतरचं. नाशिकच्या ‘पांडवलेण्यां’चीही हीच गत. नाव पांडवांचं, लेख मात्र सातवाहन आणि क्षहरात या राजघराण्यांचे.

गैरसमज २ : एवढं काम म्हणजे एखाद्या राजाचंच.
वस्तुस्थिती : कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. ते पुरं करवल्याचं श्रेय लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीला दिलं आहे, म्हणजे एका व्यापाऱ्याला. बाकीचा खर्च वर्गणीसारखा वाटला गेला. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तरविक्याने, एक दरवाजा दिला. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केलं. ओसरीतल्या हत्तींचं दान इंददेव नावाच्या स्थविराचं, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूचं, तर बाहेरचा सिंहस्तंभ एका महारठीचा, म्हणजे स्थानिक अधिकाऱ्याचा. काही खांब स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणाऱ्यांनी दिले. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्खूचा आहे. राजेही होते, पण त्यांची देणगी वेगळी होती. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंच्या पोटापाण्यासाठी करजिक हे गाव दिलं. नहपानाचा पाडाव केल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने तेच गाव भिक्खूंकडे चालू ठेवलं आणि तसा हुकूम मामाल, म्हणजे मावळच्या अमात्याला धाडला. सत्ता बदलली तरी भिक्खूंची सोय तुटली नाही.

गैरसमज ३ : छताच्या लाकडी कमानी डोंगराचा भार पेलतात.
वस्तुस्थिती : कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की जुन्या लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या ओळीने दिसतात. त्यांच्यावर भार कसलाच नाही, कारण छत अखंड खडकाचं आहे. आधीची सभागृहं लाकडाची असत. तोच घाट कातळात उतरवताना कारागिरांनी फासळ्याही बसवल्या. भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत तेही त्यामुळेच. लाकडी खांब छताचा रेटा सोसण्यासाठी तिरके रोवत. दगडाला ती गरज नव्हती, सवय मात्र सुटली नाही.

गैरसमज ४ : एकवीरेचं देऊळ आणि लेणं एकच.
वस्तुस्थिती : देऊळ चैत्यगृहाच्या तोंडाशी, अंगणात उभं आहे. आगरी-कोळ्यांची आणि अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची ही कुलदेवता, आणि गर्दी मुख्यतः तिच्यासाठी असते. आतला स्तूप बौद्धांचा. दर्शनी भिंतीवरही दोन काळ शेजारी दिसतात. ठसठशीत स्त्री-पुरुष जोड्या मूळच्या आहेत, तर बुद्धमूर्ती काही शतकांनी, महायान काळात कोरल्या गेल्या.

गैरसमज ५ : मावळातली सगळी प्राचीन लेणी बौद्धच.
वस्तुस्थिती : मावळ तालुक्यातल्याच पाले गावाजवळच्या लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. अरहंतांना नमन करून तो सांगतो, की भदंत इंदरखित यांनी हे लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, करवली. सुरुवातीच्या नमनावरून अनेक अभ्यासक तो जैन मानतात आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना करतात.

ही सगळी लेणी याच पट्ट्यात का, याचं उत्तर बोरघाटात आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढे. त्या वाटेवरच्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी आणि भिक्खूंनी लेण्यांचा खर्च उचलला. पांडवांची कथा सांगायला हरकत नाही, पण श्रेय वाटताना सिंहदत्त गंधी आणि सामी सुतार यांना वगळू नये.