लढाई कुठं लढायची?

आमच्या शिवाजी पेठेत दोन विषयांवरचे वाद कधी मिटत नाहीत. एक फुटबॉलचा आणि दुसरा युद्धाचा. फुटबॉलचा वाद शाहू स्टेडियमवरच्या पुढच्या सामन्यापर्यंत टिकतो. युद्धाचा वाद मात्र बापाकडून मुलाकडं जातो. नेहरूंनी बासष्टला विमानदल का वापरलं नाही? पासष्टला जिंकलेली हाजीपीर खिंड परत का दिली? हे प्रश्न चहाच्या टपरीवर आजही तितक्याच तावातावानं विचारले जातात. विचारणाऱ्यांत पुष्कळदा लष्करातून निवृत्त झालेले लोक असतात. या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, टेंबलाईवर मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची पलटण आहे. म्हणून या वादांना मी रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणणार नाही.

मी कवी माणूस. लष्करातलं शिक्षण मला नाही. पण वाद ऐकताना एक गोष्ट जाणवते. आपण निकालावरून निर्णयाची किंमत करतो. जिंकला तो शहाणा, हरला तो मूर्ख. पोवाड्यात हे चालतं, कारण डफावर थाप पडायला नायक लागतो. इतिहासात मात्र आधी हे विचारावं लागतं, की निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होतं आणि त्याच्यापुढं दुसरा कोणता मार्ग कुणी मांडला होता का. बासष्टच्या बाबतीत दुसरा मार्ग मांडला गेला होता. तो मांडणारा माणूस आपल्या कोल्हापूरचा होता.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे या जिल्ह्यातल्या वडगावचे. जन्म १९०६ चा. सँडहर्स्टला शिकून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगावची लढाई झाली. तिथं ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. तिघांनाही शौर्याबद्दल 'डीएसओ' हा सन्मान मिळाला. ही तीन नावं लक्षात ठेवा. पुढं १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला भारताचं पथक गेलं. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि सुमारे २३ हजार कैदी ज्या दलाच्या ताब्यात दिले, त्याचे प्रमुख थोरात. त्या कैद्यांत चिनीही होते. साम्यवादी चीनचं लष्कर कसं विचार करतं, हे जवळून बघायची संधी मिळालेले मोजके भारतीय अधिकारी होते, त्यांतले थोरात एक.

१९५७ ते १९६१ या काळात ते लखनौला पूर्व विभागाचे सेनापती होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू इथं चिनी सैनिकांनी आपल्या चौकीवर गोळीबार केला आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाची, सीमा लष्कराकडं सोपवली गेली. त्याच ऑक्टोबरमध्ये थोरातांनी एक टिपण वर पाठवलं. चीन हल्ला करू शकतो, हे गृहीत धरून त्यांनी संरक्षणाची योजना मांडली होती. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या सरावात त्यांनी ती वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढं नकाशावर तपासूनही दाखवली.

योजनेचा गाभा कोल्हापूरकरांना सांगायला अवघड नाही. पन्हाळ्याचं रक्षण करायचं असेल तर सगळी शिबंदी पायथ्याच्या चौकीत कुणी ठेवणार नाही. पायथ्याच्या चौकीचं काम शत्रू दिसला की वर इशारा देणं आणि त्याला थोडा वेळ अडवणं. खरी लढाई आपण निवडलेल्या जागी. थोरातांचं म्हणणं तसंच होतं. मॅकमहोन रेषेवर चौक्या असाव्यात, पण निर्णायक लढाई पुष्कळ मागं, पश्चिमेकडं बोमदिलाच्या आसपास, द्यावी.

कारण रस्त्याचं होतं. तिबेटच्या पठारावरून चिनी लष्कराला सीमेजवळपर्यंत वाहनं आणता येत होती. आपल्या बाजूला आसामच्या सपाटीवरून चढत जाणारे उभे डोंगर, दाट जंगल आणि धड रस्ता नाही. सीमेवरच्या जवानाला तांदूळ आणि काडतुसं पोचवायची तर हमालाच्या पाठीवरून, खेचरावरून किंवा विमानातून खाली टाकून. त्यातली कितीतरी पुडकी दरीत जायची. म्हणजे सीमेवर लढाई झाली, तर शत्रू आपल्या कोठाराजवळ आणि आपण कोठारापासून लांब. तोच शत्रू शंभर मैल खाली उतरला, की त्याची रसद ताणते आणि आपली जवळ येते.

ही योजना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटली नाही. खरा धोका पाकिस्तानचा आहे, चीनचा प्रश्न मुत्सद्देगिरीनं सुटेल, अशी त्यांची धारणा होती. १९६१ मध्ये थिमय्या आणि थोरात दोघंही निवृत्त झाले. थिमय्यांनी लष्करप्रमुखपदासाठी थोरातांची शिफारस केली होती, पण जनरल थापर यांची निवड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या बैठकीत वेगळं धोरण ठरलं. पुढं सरका, चौक्या उभारा. चीन मोठ्या हल्ल्यानं उत्तर देणार नाही, हा गुप्तवार्ता विभागाचा अंदाज त्यामागं होता.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू ओढ्याकाठी ब्रिगेडियर दळवी यांची ७वी ब्रिगेड काही तासांत मोडली. तिच्यातल्या पुष्कळ जवानांच्या अंगावर सुती कपडे होते. तवांग गेलं. नोव्हेंबरात से ला आणि बोमदिला गेलं. त्या वेळी पूर्व विभागाचे सेनापती होते एल. पी. सेन. कांगावच्या तिघांपैकी दोघं घरी होते आणि तिसऱ्याच्या वाट्याला हा पराभव आला. २१ नोव्हेंबरला चीननं स्वतःच युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांनुसार आपले १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि ३,९६८ कैदी झाले.

थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की पराभवाच्या बातम्या येऊ लागल्यावर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा ते टिपण आपल्याला कुणी दाखवलंच नाही, असं पंतप्रधान म्हणाले. ही एका बाजूची साक्ष आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचायला हवी.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. थोरातांच्या योजनेत तवांग पहिल्या झटक्यात सोडावं लागलं असतं. तिथं भारताचा कारभार १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग यांनी बसवला होता. अक्साई चीनवरून संसदेत विरोधक नेहरूंना रोज धारेवर धरत होते. अशा वेळी कोणता पंतप्रधान उभा राहून सांगेल, की आम्ही ठरवून मागं येऊन लढणार आहोत? एकदा सोडलेली जमीन परत मिळेल याची हमी कोण देणार? शिवाय त्या योजनेलाही जादा सैन्य, रस्ते आणि पैसा लागणारच होता. म्हणून थोरात बरोबर आणि बाकी सगळे मूर्ख, असं म्हणून वाद संपवता येत नाही.

विमानदलाचंही तेच. लढाऊ विमानं उडाली तर चीन कलकत्त्यावर बॉम्ब टाकेल, ही भीती होती. तिबेटातल्या उंच, अपुऱ्या धावपट्ट्यांवरून चीनला तसे हल्ले फार काळ करता आले नसते, असं नंतर अनेक जाणकारांनी लिहिलं. पण ते निर्णयाच्या दिवशी पंतप्रधानांच्या टेबलावर कुणी ठेवलं होतं का? विमानदलप्रमुखांशी नीट सल्लामसलत झाली होती का? प्रश्न तिथं विचारायला हवा.

माझ्या मते बासष्टची मोठी चूक इथं आहे. दोन मार्गांतला एक निवडला आणि तो चुकला, असं घडलं असतं तर ते दुर्दैव म्हणता आलं असतं. इथं दुसरा मार्ग निर्णयाच्या जागी पोचलाच नाही. वेगळं बोलणारा घाबरवणारा ठरला आणि रुचेल ते सांगणारे जवळ राहिले.

याचा धडा ज्यांनी घेतला, तेही आपल्याच भागातले. यशवंतराव चव्हाण हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. २१ नोव्हेंबर १९६२ ला, म्हणजे युद्धबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण कौतुकानं म्हणतो. त्यापेक्षा महत्त्वाचं काम कमी बोललं जातं. तिन्ही दलांच्या प्रमुखांना नियमितपणे सकाळी एकत्र बसवून त्यांचं ऐकून घ्यायची पद्धत त्यांनी पाडली. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्ताननं छांब भागात रणगाडे घातले. जनरल चौधरी विमानदलाची मदत मागायला आले आणि चव्हाणांनी वेळ न घालवता होकार दिला. त्याच संध्याकाळी विमानं उडाली. जुनी व्हॅम्पायर विमानं होती, त्यातली चार पडली. ती का पाठवली, यावरही वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण विमानदल वापरायचं की नाही, हा प्रश्न ताटकळत राहिला नाही.

एप्रिल १९७१ मध्ये माणेकशॉ यांनी इंदिरा गांधींना स्पष्ट सांगितलं, की लगेच युद्ध नको. बंगालचा पावसाळा जाऊ द्या, हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होऊ द्या. पंतप्रधानांनी ते ऐकलं. डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत बांगलादेश मुक्त झाला. नको असलेलं उत्तर ऐकून घेण्याची तयारी होती, म्हणून हे घडलं.

बासष्टच्या त्या नोव्हेंबरात पेठेतल्या बायकांनी संरक्षण निधीला सोनं दिलं. आमच्या दादीनं कानातले डूल काढून दिले, असं अब्बा सांगायचे. ज्यांनी डूल दिले आणि ज्यांनी मुलगे दिले, त्यांना काय चुकलं हे कळण्याचा हक्क आहे. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल १९६३ मध्येच सरकारला सादर झाला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं इंटरनेटवर टाकला. सरकारनं मात्र तो आपणहून खुला केलेला नाही. इतक्या वर्षांनंतर रस्ते बदलले, शस्त्रं बदलली, ते सेनापतीही गेले. थोरात १९९२ मध्ये वारले.

अहवाल खुला होईल तेव्हा होवो. तोवर आपण वाद जरूर घालावा, पण समोर नकाशा ठेवावा. बोमदिला ते तवांग अंतर किती, त्या वर्षी रस्ता कुठपर्यंत होता, हे आधी पाहावं. आणि एखादा वेगळं बोलू लागला, तर त्याला देशद्रोही किंवा भित्रा म्हणण्याआधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकावं. दिल्लीत १९५९ मध्ये एवढं झालं असतं, तरी पुष्कळ घरांतली मुलं परत आली असती.