एक प्राइम लेन्स, दोन कॅमेरे: पैसे टाकण्याआधीचं गणित



फोटोग्राफीचा धंदा सुरू करणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, पन्नास घेऊ की पस्तीस?" हल्ली त्याला शेपूट जोडलेलं असतं. घरात काकांचा जुना रोलचा कॅमेरा पडलाय, तोही चालवायचाय, कारण प्री-वेडिंगवाले आता फिल्मचे फोटो मागतात. म्हणजे लेन्स एक आणि कॅमेरे दोन.

हे जमतं. पण लेन्स चुकीची आली तर पहिल्याच वर्षात दहा-पंधरा हजार कपाटात अडकून बसतात. नवीन धंद्यात तेवढ्या पैशात दोन महिन्यांचं दुकानभाडं निघतं. म्हणून आज व्हिडिओतलं गणित सावकाश, लिहून सांगतो.

प्राइम का घ्यायची?

प्राइम म्हणजे झूम नसलेली लेन्स. मोठं-छोटं करायचं तर आपणच पुढे-मागे चालायचं. त्या बदल्यात प्रकाश मिळतो. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केल्यावर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकीच उघडते. साधी ५० मिमी प्राइम एफ १.८ पर्यंत उघडते. म्हणजे साडेनऊपटीपेक्षा जास्त प्रकाश!

डिजिटलवर प्रकाश कमी पडला तर आयएसओ वाढवून वेळ मारून नेता येते. रोलवर तसं नाही. ४०० चा रोल घातला की ३६ च्या ३६ फोटो त्याच हिशोबाने. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीला उभे राहा, किट लेन्स लावून फिल्मवर काढून बघा, हात हललेले फोटो येतील. दोन्ही कॅमेरे चालवणाऱ्याला प्राइम लागतेच.

आधी माउंट, मग लेन्स, शेवटी बॉडी

बहुतेक जण उलटं करतात. बॉडी आवडली म्हणून घेतात आणि मग लेन्स शोधतात. तुम्ही घरातला रोलचा कॅमेरा टेबलावर ठेवा आणि तिथून सुरुवात करा.

निकॉन असेल तर: निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे जुन्या-नव्याची जोडी बसते. पण तीन गोष्टी तपासा. पहिली, लेन्सवर 'डीएक्स' लिहिलंय का? असेल तर ती छोट्या सेन्सरसाठी बनवलेली आहे, फिल्मवर कोपरे काळे येऊ शकतात. दुसरी, लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे का? एफएम २ किंवा एफएम १० सारख्या कॅमेऱ्यावर ॲपर्चर त्या रिंगनेच बदलतं. ५० मिमी एफ १.८ 'जी' ला रिंग नाही, ती या कॅमेऱ्यांवर कामाची नाही. एफ १.८ 'डी' ला रिंग आहे, ती चालते. तिसरी, डिजिटल बॉडीत फोकसची मोटर आहे का? डी ७००० मालिका, डी ७५० यांच्यात आहे. डी ३००० आणि डी ५००० मालिकेत नाही, तिथे 'डी' लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो. निकॉनच्या मिररलेसवर त्यांच्या एफटीझेड ॲडॅप्टरनेही 'डी' लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. आणि डिजिटलवर लावताना रिंग एफ २२ वर लॉक करायला विसरू नका.

कॅनन असेल तर: १९८७ मध्ये कॅननने ईओएस आणला आणि माउंटच बदलला. काकांचा कॅमेरा एई-१ सारखा त्याआधीचा असेल, तर त्याची एफडी लेन्स आजच्या कॅनन डीएसएलआरवर सरळ बसत नाही. पण रोलचा कॅमेरा ईओएस असेल तर काम एकदम सोपं. ५० मिमी एफ १.८ एसटीएम दोन्हीकडे ऑटोफोकससकट चालते. फक्त 'ईएफ-एस' लिहिलेली घेऊ नका, ती फिल्मच्या ईओएसवर बसत नाही.

मिररलेस असेल तर: या कॅमेऱ्यांत माउंट आणि सेन्सरमधलं अंतर खूप कमी असतं. निकॉन एफमध्ये ते ४६.५ मिमी आहे, सोनी ई मध्ये १८ मिमी. मधल्या जागेत साधा रिकाम्या नळीसारखा ॲडॅप्टर बसतो. त्यामुळे जुन्या एफडी, पेंटॅक्स, झेनिटच्या लेन्सही चालतात. फोकस मात्र हातानेच.

पन्नास की पस्तीस? खोली मोजा

सूत्र सोपं आहे. समोरून किती फूट रुंदी फोटोत येईल हे काढायला अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. फिल्मची फ्रेम ३६ मिमी रुंद असते, निकॉनचा छोटा सेन्सर साधारण २३.५ मिमी.

समजा जुन्या नाशकातल्या वाड्यात साखरपुडा आहे आणि भिंतीला पाठ लावून तुम्हाला १० फूट मिळतात. ५० मिमीने फिल्मवर ७.२ फूट रुंदी येईल, छोट्या सेन्सरवर फक्त ४.७ फूट. ३५ मिमीने फिल्मवर १०.३ फूट आणि छोट्या सेन्सरवर ६.७ फूट. एका माणसाला दीड फूट धरा. म्हणजे ५० लावून छोट्या सेन्सरवर तीनच माणसं मावतात. मामा-मामी बाहेर!

म्हणून कामावरून ठरवा. गंगापूर रोडच्या लॉन्सवरची लग्नं, द्राक्षबागेतलं प्री-वेडिंग, एकेकट्याचे पोर्ट्रेट, असं मोकळ्या जागेतलं काम जास्त असेल तर ५० घ्या. फिल्मवर ती सर्वसाधारण दिसते आणि छोट्या सेन्सरवर ७५ मिमीसारखी, चेहऱ्यासाठी छान. एकाच लेन्समधून दोन प्रकारचे फोटो मिळतात. घरातली बारशी, डोहाळजेवण, छोटे हॉल जास्त असतील तर ३५ घ्या. पण फुल फ्रेमवाली, जशी निकॉनची ३५ मिमी एफ २ 'डी'. स्वस्तातली ३५ मिमी एफ १.८ डीएक्स फिल्मसाठी नाही.

सराफ बाजारातल्या दागिन्यांचं काम धरायचंय? मग थांबा. निकॉनची ५० 'डी' ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही. तेवढ्या जवळूनही छोट्या सेन्सरवर सुमारे १६ सेंटीमीटर रुंदी येते. दोन सेंटीमीटरची अंगठी फोटोच्या आठव्या भागात बसणार. त्या कामाला एक्स्टेन्शन ट्यूब किंवा मॅक्रो लेन्स लागते.

आणि एक लक्षात ठेवा. ग्रुप फोटो एफ १.८ वर काढू नका, मागची रांग धूसर होते. दोन रांगा असतील तर एफ ५.६ किंवा एफ ८.

फाळक्यांनी आधी वाटाणा उगवला

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये विमा पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आल्या आल्या 'राजा हरिश्चंद्र' करायला घेतला नाही. आधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं चित्रित केलं, छोटी फिल्म केली, ती दाखवून भांडवल उभं केलं. मग ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पुढे १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशकात उभी राहिली ती त्यानंतर.

आपला वाटाणा म्हणजे किट लेन्स आणि चिकटपट्टी. झूमची रिंग ३५ वर फिरवा, पट्टी लावून घट्ट करा, एक पूर्ण दिवस तसंच काम करा. दुसऱ्या दिवशी ५० वर. संध्याकाळी बघा, गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखे फोटो कुठल्या दिवशी जास्त आले. खर्च शून्य.

सेकंडहँड घेताना

मुंबईत सीएसएमटीजवळ बोरा बाजारात जुन्या लेन्स मिळतात. जाताना बॅटरी न्या. लेन्समधून आरपार उजेड टाका आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतेच. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. रिंग सगळीकडे सारखी फिरली पाहिजे. समोरच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असेल तर घाबरू नका, भाव मात्र कमी करून घ्या. निकॉनची १९७७ च्या आधीची, न बदललेली लेन्स नव्या बॉडीवर जबरदस्तीने बसवू नका, बॉडी खराब होऊ शकते. बिल मागा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

फिल्मचा भाव कसा लावायचा?

रोल, धुलाई, स्कॅन, कुरिअर, सगळं जोडा आणि ३६ ने भागा. उदाहरणार्थ १८०० रुपये झाले तर एका फ्रेमला ५० रुपये. पण ३६ पैकी २४ च देण्यासारख्या निघाल्या तर खरा खर्च ७५ रुपये. भाव त्या ७५ वर लावा, त्यात तुमची मेहनत मिळवा, आणि रोलचे पैसे आगाऊ घ्या. "डिजिटलसोबत फिल्म फुकट" असं पॅकेज कधीच देऊ नका. गिऱ्हाईक फिल्मसाठीच तुमच्याकडे आलेलं असतं.

या आठवड्याचं काम

वहीत तीन ओळी लिहा. घरच्या रोलच्या कॅमेऱ्याचा माउंट कुठला. गेल्या दहा कामांपैकी किती घरात, किती मोकळ्यावर. चिकटपट्टीच्या दोन दिवसांत कुठले फोटो जास्त चालले. २०२७ च्या सिंहस्थात नाशकात फोटोग्राफरला काम भरपूर असणार, पण त्या गर्दीत लेन्स ओळखीची हवी. घ्यायचीच असेल तर आत्ता ठरवा, म्हणजे हात बसायला वेळ मिळेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.