भुक्की घेता का, बाबाजी?

चंडीगडच्या सेक्टर १२ मधल्या पीजीआय रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन देतात. याच संस्थेच्या व्यसनमुक्ती केंद्रात चिट्टा, म्हणजे हेरॉइन, सोडायला माणसं येतात. दोन्हींचं मूळ एकच: अफूचं बोंड.

भारतात मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरचा. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरही लिहितात आणि २०२३ पासून अशी औषधं लिहिणाऱ्यांना आठ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. पण कागदावर सही कुणाचीही असो, रात्री तीन वाजता डोसचा परिणाम बघायला खाटेशी असते ती सिस्टर.

तिला काय ठाऊक हवं? मॉर्फिन मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र सुस्तावतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी ते नेहमीसारखं खडबडून जागं होत नाही. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. ‘आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका’ असं नातेवाईक कळवळून सांगतात, तेव्हाच हाक मारून बघावी लागते. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरच्या यंत्रातला आकडा बराच वेळ फसवा, छान दिसत राहतो. त्यापेक्षा घड्याळ धरून मोजलेले श्वास खरे. नॅलोक्सोन हा उतारा आहे, मात्र तो बऱ्याचदा मॉर्फिनआधी ओसरतो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर मॉर्फिनपासून बनलेले घटक अंगात साचतात आणि कालचाच डोस आज जड जातो.

पंजाबातून आलेल्या म्हाताऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: भुक्की घेता का, बाबाजी? भुक्की म्हणजे अफूच्या बोंडांचा भुगा. वर्षानुवर्षं ती घेणाऱ्याला नेहमीचा डोस पुरत नाही. उलट, ज्याने मध्यंतरी सोडली, त्याचा जुना डोस आता त्याचाच जीव घेऊ शकतो. खरं उत्तर मिळायचं तर प्रश्नात फौजदाराचा सूर नको.

ही झाली दुर्लक्षाची चूक. दुसरी चूक भीतीची, आणि मला ती जास्त क्रूर वाटते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन कुलपात गेलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, मनातली कुलपं राहिली. ‘सवय लागेल’ म्हणून डोस लांबवला की रुग्ण कण्हत घड्याळ बघत बसतो. कर्करोगाच्या दुखण्यात तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन साधारण दर चार तासांनी, वेळेवर द्यायचं असतं. दुखायची वाट बघून नव्हे.

मॉर्फिनने होणारं बद्धकोष्ठ मात्र सवयीने जात नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक लिहिलंय ना, हे सिस्टर केसपेपर उलटून बघते.