संघ आमचा, खेळाडू त्यांचे!

वर्षानुवर्षं एकाच दुकानातून वाणसामान भरणारी बाई दुकानदाराला दोन शब्द सुनावू शकते. "शेटजी, तूरडाळ पूर्वीसारखी राहिली नाही हो तुमची," असं म्हणायचा तिला हक्क असतो. आणि फारच झालं तर ती पिशवी उचलते नि समोरच्या दुकानात जाते. आता अशी कल्पना करा, मैत्रिणींनो, की समोर दुकानच नाही. डाळ कशीही असो, भाव काहीही असो, इथूनच घ्यायची, कारण आजीही इथूनच घ्यायची! अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात अशी लाखो गिऱ्हाइकं आहेत. 'रेड सॉक्स' या बेसबॉल संघाचे ते चाहते.

रेड सॉक्स म्हणजे लाल मोजे. नाव ऐकून हसू येतं खरं, पण तिकडे या लाल मोज्यांसाठी घरात अबोले धरले जातात. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटची अमेरिकेतली चुलत बहीणच म्हणा ना. एक चेंडू टाकतो, दुसरा बॅटनं टोलवतो नि चार कोपऱ्यांना पाय लावत धावून येतो. याहून जास्त नियम आज आपल्याला नकोत. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की वसंतापासून शरदापर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक! संध्याकाळी स्वयंपाक करताना रेडिओवर सामना, जेवताना टीव्हीवर सामना. रोजच्या मालिकेतली माणसं जशी हळूहळू आपल्या घरातलीच होतात, तसे हे खेळाडू होतात. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला बाळ झालं, सगळं ठाऊक.

आणि हे वेड वारशानं येतं. फेनवे पार्क हे तिथलं मैदान १९१२ साली उघडलं, म्हणजे शंभरी कधीच ओलांडलेलं. आजोबा ज्या रांगेत बसायचे तिथे आज नात बसते. लिब डूली नावाच्या बॉस्टनच्या एक शाळामास्तरीण होत्या. १९४४ पासून त्यांनी फेनवेवरचे सलग चार हजारांहून अधिक सामने पाहिले. पन्नासहून अधिक वर्षं! आपल्याकडे वारी न चुकवणारी माणसं असतात ना, तशातला प्रकार. २००० साली त्या वारल्या. एवढ्या वर्षांत रेड सॉक्सनं एकदाही विजेतेपद मिळवलं नाही. ते मिळालं २००४ साली, म्हणजे १९१८ नंतर तब्बल ८६ वर्षांनी. तेव्हा बॉस्टनच्या आसपासच्या दफनभूमींत लोक आईवडिलांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या नि झेंडे ठेवून आले. "बाबा, जिंकलो बरं का," एवढंच सांगायला.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा राग त्याशिवाय कळायचा नाही.

राग हरण्याचा नाही. ८६ वर्षं हरण्याची सवय असलेली माणसं ती! राग आहे तो कोणाला ठेवायचं आणि कोणाला घालवायचं, या निर्णयांचा. बेसबॉलमध्ये एका संघाच्या यादीत २६ खेळाडू असतात. मालक त्यातला कोणीही उचलून दुसऱ्या संघाला देऊ शकतात आणि बदल्यात दुसरे घेऊ शकतात. काही मोठे खेळाडू करारात 'मला हलवायचं नाही' अशी अट घालून घेतात, बाकी बहुतेकांना कोणी विचारत नाही. सकाळी बॉस्टनचा असलेला गडी संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोचा! पूर्वी तर खेळाडू जन्मभर एकाच मालकाला बांधलेला असे. १९७५च्या अखेरीस एका लवादानं ती बेडी तोडली. आता सहा वर्षांची नोकरी भरली आणि करार संपला, की तो मोकळा होतो, जिथे चांगला पैसा मिळेल तिथे जातो. म्हणून सहावं वर्ष जवळ आलं, की मालकांच्या पोटात गोळा येतो. ठेवायचा तर तिजोरी उघडा, नाहीतर आत्ताच विकून चार पैशांचा माल पदरात पाडून घ्या.

यातली सर्वांत जुनी जखम बेब रूथची. १९१९च्या डिसेंबरात हॅरी फ्रेझी या मालकानं (हा गृहस्थ नाटकांचा निर्माता!) चोवीस वर्षांच्या रूथला एक लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या यांकी संघाला विकून टाकलं. यांकी म्हणजे बॉस्टनचे हाडवैरी. पुढच्याच वर्षी रूथनं ५४ होमरन मारले नि बेसबॉलचा देव झाला. बॉस्टननं पुढे २००४ पर्यंत कपाळाला हात लावला.

एवढी ठेच लागल्यावर माणूस शहाणा होईल असं आपल्याला वाटतं. पण शंभर वर्षांनी, २०२०च्या फेब्रुवारीत, तेच झालं. मूकी बेट्स हा त्यांच्या घरात वाढलेला पोरगा. २०११ साली त्यांनीच शोधला, त्यांनीच शिकवला. अंगानं लहानखुरा, पण पळणं, झेलणं, टोलवणं सगळ्यांत पुढे. २०१८ साली संघानं १०८ सामने जिंकून स्वतःचा विक्रम केला, विजेतेपद घेतलं, आणि त्या वर्षी बेट्स अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा मुलाला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला देऊन टाकलं!

कारण काय? तर काटकसर. खेळाडूंच्या पगारावर संघानं किती खर्च करावा, याची बेसबॉलमध्ये एक रेषा आखलेली असते. २०२० साली ती २० कोटी ८० लाख डॉलरची होती. रेषा ओलांडली की दंड, लागोपाठ दरवर्षी ओलांडली की दंडाचा दर चढत जातो. एकदा खाली आलात की पाटी कोरी. बॉस्टननं दोन वर्षं ती ओलांडली होती. बेट्सचा करार वर्षभरात संपणार होता आणि त्याला दीर्घ मुदतीचा नि मोठा करार हवा होता. मग बेट्स आणि त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइस हा महागडा चेंडूफेक्या दोघांनाही घालवून हिशेब बसवला. आता तुम्ही-आम्ही घर चालवतो. महिनाअखेरीची ओढाताण आपल्याला कोणी शिकवायला नको. पण विजेचं बिल भरायला कोणी आजीच्या पाटल्या मोडतं का हो? त्यातून हे घर काही गरिबाचं नाही. ज्या कंपनीकडे हा संघ आहे, तिच्याकडेच इंग्लंडचा लिव्हरपूल फुटबॉल संघ आहे. प्रमुख मालक जॉन हेन्री यांच्याकडे बॉस्टनचं सर्वांत मोठं वर्तमानपत्रही आहे. म्हणजे तक्रारीचं पत्र छापायला पाठवायचं तर तेही त्यांच्याच दारी!

पुढचा हिशेब ऐका. डॉजर्सनी त्याच जुलैत बेट्सशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्याच वर्षी ते विजेते झाले, मग २०२४ साली, मग २०२५ साली. बॉस्टन २०२०, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी आपल्या गटात तळाला. बेट्सच्या बदल्यात तिघे आले होते. २०२५ साली त्यातला एकटा कॉनर वाँग उरला होता.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चाहत्यांचंच नेहमी बरोबर असतं असं नाही. नोमार गार्सियापारा हा बॉस्टनचा असाच लाडका. (नोमार म्हणजे वडिलांचं रामोन हे नाव उलटं वाचलेलं. आहे की नाही गंमत?) २००४च्या ३१ जुलैला थिओ एप्स्टीन या अवघ्या तिशीतल्या व्यवस्थापकानं त्याला शिकागोला पाठवलं. अख्ख्या गावानं त्याला शिव्या घातल्या. पण नोमार दुखापतींनी थकला होता, आणि त्याच्या बदल्यात आलेल्यांमुळे संघाचं क्षेत्ररक्षण घट्ट झालं. तीन महिन्यांत ते ८६ वर्षांचं ग्रहण सुटलं! थडग्यांवरच्या टोप्या आठवतात ना? त्या याच वर्षीच्या. म्हणजे लाडक्याला निरोप देणं हा गुन्हा नव्हेच. तो निरोप संघासाठी होता की तिजोरीसाठी, हे चाहत्याला बरोबर कळतं. सुनेला नाही का कळत, सासूबाई बोलतात ते संसाराच्या काळजीनं की आणखी कशानं!

नोमारनंतर मात्र बहुतेक निरोप दुसऱ्या जातीचे निघाले. जॉन लेस्टर कर्करोगातून उठला नि २००७ साली विजेतेपदाचा शेवटचा सामना त्यानंच जिंकून दिला. त्याला बाजारभावापेक्षा बराच कमी पगार देऊ केला आणि २०१४ साली घालवलं. २०१६ साली तो शिकागोकडून विजेता. झँडर बोगार्ट्स २०२२च्या डिसेंबरात सॅन डिएगोला गेला. पुढच्याच महिन्यात स्प्रिंगफील्ड गावी संघाचा स्नेहमेळावा होता. तिथे मालक बोलायला उभे राहिले, तर चाहत्यांनी हुर्यो उडवली. तिकीट काढून आलेले लोक हो हे!

त्या रागाच्या वातावरणात रफाएल डेव्हर्सला मात्र थांबवून घेतलं. दहा वर्षं, ३१ कोटी ३५ लाख डॉलर. लोकांना वाटलं, चला, एक तरी घरचा राहिला. २०२५च्या सुरुवातीला त्याच्या तिसऱ्या कोपऱ्याच्या जागेवर अलेक्स ब्रेगमन हा नवा खेळाडू आणला. डेव्हर्सला म्हणाले, तू आता फक्त बॅटिंग कर. तो कुरकुरला, पण ऐकलं. मे महिन्यात पहिल्या कोपऱ्यावरचा गडी जखमी झाला, तर त्याला म्हणाले, आता तू तिथे उभा राहा. तो बिथरला. काही जण म्हणतात, एवढा पगार घेतो, सांगितलं ते करावं. मला विचाराल तर मोठ्या जावेला स्वयंपाकघरातून उठवायचं आणि पाहुणे आले की पुन्हा पोळ्यांना बोलवायचं, तसंच झालं हे. दोघांचंही चुकलं, पण सुरुवात घरच्या मोठ्यांनी केली. १५ जूनला डेव्हर्सनं यांकींविरुद्ध होमरन मारला, बॉस्टननं मालिकेतले तिन्ही सामने जिंकले, लोक नाचत घरी गेले, आणि जेवणं उरकायच्या आत बातमी आली, की डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं. २०१८च्या विजेत्या खेळाडूंपैकी तो शेवटचा होता.

गमतीची गोष्ट म्हणजे त्या वर्षी संघ बाद फेरीपर्यंत गेलाही (आणि यांकींकडून हरला, हे ओघानं आलंच). त्यामुळे मालकांचं बरोबर होतं की चाहत्यांचं, हा वाद काही मिटला नाही.

आपल्याकडेही हे दुखणं आलं आहे बरं का. २०२३च्या डिसेंबरात मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माचं कर्णधारपद काढून हार्दिक पांड्याला दिलं. २०२४च्या हंगामात वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. ती ऐकली असेल, तर बॉस्टनचं दुःख तुम्हाला परकं वाटायचं नाही. फरक इतकाच, की आपलं दुखणं पंधरा-सोळा वर्षांचं होतं, त्यांचं शंभरीचं.

मग संघ सोडून का देत नाहीत, असं तुम्ही विचाराल. माहेर सोडता येतं का? भावानं वाडा विकला, अंगणातला आंबा तोडला, तरी आपण माहेरचंच नाव सांगतो. मालकांना हे पुरतं ठाऊक असतं. फेनवेची तिकिटं महागड्यांत मोडतात, तरी खपतात.

२०२३च्या ऑगस्टमध्ये मूकी बेट्स डॉजर्सच्या निळ्या कपड्यांत पहिल्यांदाच फेनवेवर परतला. तोही साडेतीन वर्षांनी. तो बॅट घेऊन आला तेव्हा बॉस्टनचे लोक जागेवरून उठले आणि आपल्याच संघाविरुद्ध खेळायला उभ्या राहिलेल्या त्या मुलासाठी टाळ्या वाजवत राहिले.