संगणक एका जागी, काम दहा जागी

भिलाईच्या औद्योगिक क्षेत्रातून फेरफटका मारला, तर लेथ आणि वेल्डिंगचा आवाज येणारी लहानमोठी वर्कशॉप्स ठिकठिकाणी दिसतात. भारत-सोविएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या पोलाद कारखान्याच्या आधाराने सुटे भाग बनविणारे आणि दुरुस्तीची कामे घेणारे कितीतरी उद्योग इथे उभे राहिले.

अशा उद्योगाचा मालक यंत्राला वेळेवर तेल देतो, पट्टा घासला की बदलतो. पण ऑफिसच्या कोपऱ्यातल्या संगणकाचे काय? बिले, डिलिव्हरी चलाने, कामगारांची हजेरी, जीएसटीचे हिशेब हे सारे त्या एका डब्यात असते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वळिवाच्या वादळात वीज जाते-येते आणि एके दिवशी हार्ड डिस्क बंद पडते. मग कोणाकडून किती येणे आहे, हे सांगायला फक्त हिशेबनिसाची स्मरणशक्ती उरते.

हे नुकसान नुसत्या कागदांचे नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. पण माल कोणत्या तारखेला पोचला आणि कोणत्या तारखेला स्वीकारला गेला, हे दाखवायला नोंद हवी. नोंद गेली की हक्काचा पैसाही अडकतो.

टाकी एक, नळ अनेक

यावरचा एक उपाय म्हणजे मध्यवर्ती संगणक. त्यालाच ‘रिमोट डेस्कटॉप’ची सोय जोडलेली असते. नाव अवघड वाटले तरी कल्पना सोपी आहे. घरोघरी विहीर खणण्याऐवजी गावाला एक पाण्याची टाकी बांधावी आणि घरोघरी नळ द्यावा, तसेच हे. सारी माहिती आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एका सक्षम संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. बाकीचे संगणक त्या सर्व्हरकडे पाहायच्या खिडक्या होतात. तुम्ही कळ दाबता किंवा माऊस हलवता, तेवढा संदेश सर्व्हरकडे जातो. काम तिथे होते आणि पडद्याचे चित्र तुमच्याकडे येते. मूळ वही जागची हलत नाही.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाची सुरुवात १९८५ मध्ये दिल्लीत झाली. खिडकीमागच्या कारकुनासमोर नुसता पडदा आणि कीबोर्ड असे. कोणत्या गाडीत कोणती जागा रिकामी आहे, ती माहिती मध्यवर्ती संगणकात. १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि एका गावात बसून दुसऱ्याच दोन गावांमधल्या प्रवासाचे तिकीट काढणे सोपे झाले. बँकांनीही पुढे हीच वाट धरली. म्हणून तर आज एका शाखेतले खाते दुसऱ्या शाखेत चालते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती आणली आणि ही सोय लहान कार्यालयांच्याही आटोक्यात येऊ लागली.

फायदे कोणते?

पहिला फायदा असा, की वही एकच राहते. वर्कशॉपमधल्या स्टोअरची नोंद आणि सुपेल्यातल्या ऑफिसची नोंद यांचा मेळ घालत बसावे लागत नाही. पेन ड्राइव्हवर फाइल नेताना जुनी प्रत नव्या प्रतीवर चढण्याचा धोकाही टळतो.

दुसरा फायदा खर्चाचा. अवघड काम सर्व्हर करतो, म्हणून टेबलावरचे साधे संगणकही कामाला येतात. सॉफ्टवेअर एकदाच बसवायचे, नवी आवृत्ती एकदाच घालायची. बॅकअपही एकाच ठिकाणाहून घेता येतो.

तिसरा फायदा माणसांचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ज्यांचे हिशेब ऑफिसच्या कुलपात अडकले आणि ज्यांना घरून काम करता आले, त्यांच्यातला फरक सर्वांनी पाहिला. घरात आजारी माणूस असले, लहान मूल असले, तरी हिशेब सांभाळणारी गृहिणी वा कर्मचारी घरून काम पुरे करू शकते. तुमचे चार्टर्ड अकाउंटंट नागपूरला असले, तर त्यांना तिथूनच खाते तपासता येते. नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करता येतो. माहितीची प्रत त्याच्या घरच्या संगणकावर राहत नाही.

आता कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा, असा नियम २०२२ मध्ये आला. हिशेबात केलेला प्रत्येक बदल नोंदविणारे सॉफ्टवेअर वापरण्याचे बंधन एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सगळे एका जागी असेल, तर हे पाळणे सोपे जाते.

राखण कोणाची?

पण टाकी एक असली, की टाकीत विष पडल्यावर सगळेच नळ बिघडतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉप सेवेत ‘ब्लूकीप’ नावाचा दोष सापडला. तो इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. सोपा पासवर्ड शोधून आत शिरायचे, सारी माहिती कुलूपबंद करायची आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा गुन्हेगारांचा नेहमीचा मार्ग आहे. लहान उद्योगाकडे कोण कशाला बघेल, असे समजू नये. चोर एकेक दार ढकलून पाहतो, पाटी वाचत नाही.

म्हणून ही व्यवस्था करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

सर्व्हरचे दार इंटरनेटवर थेट उघडे ठेवू नये. आधी व्हीपीएनची सुरक्षित वाट आणि मगच सर्व्हर, असा क्रम असावा. पासवर्डबरोबर मोबाइलवरच्या सांकेतिक क्रमांकाची जोड द्यावी. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि कामापुरताच अधिकार द्यावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर घालाव्यात.

बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून तोडून, दुसऱ्या जागी ठेवावी. कायम जोडलेली डिस्क हल्ल्यात मूळ माहितीबरोबरच जाते. यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचे इंटरनेट यांची सोय करावी, कारण इंटरनेट गेले की बाहेरचे काम थांबते. परवान्यांचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

सर्व्हर भाड्याने घेतला, तर खाते आणि मुख्य पासवर्ड मालकाच्या नावे असावा, संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या नव्हे. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी घ्यावे. फसवणूक होऊन पैसे गेले, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

सर्वांनाच याची गरज आहे असे मात्र नाही. एकाच खोलीत दोन संगणक असतील आणि बाहेरून काम करायचे नसेल, तर रोजचा नेमाने घेतलेला बॅकअप पुरेसा आहे. वर्कशॉप एकीकडे, ऑफिस दुसरीकडे, हिशेब पाहणारा तिसरीकडे, अशी विभागणी झाली की मध्यवर्ती व्यवस्थेचा खर्च वसूल होऊ लागतो.

निर्णय काहीही घ्या, पण त्याआधी एक परीक्षा जरूर करून पाहा. बॅकअपची प्रत एखाद्या रिकाम्या संगणकावर उघडा आणि गेल्या वर्षीचे एक बिल, त्याच्या चलानासह शोधून काढा. सापडले, तर तुमच्या कष्टाचा हिशेब सुरक्षित आहे. सापडले नाही, तर डिस्क बंद पडण्याची वाट न पाहता आजच कामाला लागा.