प्रत्युत्तर देणारे यंत्र

सारीपाट मांडून बसलेल्या दोन गड्यांकडे पाहिले असता खेळाचे मर्म सहज ध्यानात येते. एकाने फासे टाकावे, सोंगटी सरकवावी. दुसऱ्याने ती चाल पाहून आपली चाल ठरवावी. पहिल्याच्या करणीवर दुसऱ्याचे उत्तर अवलंबून असते आणि त्या उत्तरावर पुन्हा पहिल्याची पुढील करणी. हा परस्परसंबंध तुटला की खेळ संपला. शिकविण्याचीही गोष्ट हीच. मुलाने चुकीचा उच्चार केला म्हणजे शिक्षक थांबतो, तो उच्चार सुधारतो, मग पुढे जातो. उलटपक्षी भिंतीवरील तक्ता कितीही सुबक असला तरी मुलाने काय म्हटले ह्याची त्यास दाद नसते. मनुष्याने निर्मिलेली बहुतेक साधने ह्या तक्त्यासारखी मुकी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र उत्तर देणारी यंत्रे निर्माण झाली, आणि आज ती नांदेड-लातूरकडील खेड्यांतील ओट्यांवरही येऊन बसली आहेत. त्यांचे स्वरूप काय, गुण कोणते आणि धोका कोणता, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अशा यंत्राच्या पोटी जी विद्या आहे तिला ‘डिजिटल’ म्हणजे अंकीय म्हणतात. देगलूरच्या एखाद्या मुलीने मोबाईलच्या काचेवर ‘क’ ह्या अक्षरास बोट लावले असे समजा. यंत्रास अक्षर कळत नाही. त्यास केवळ अंक कळतात. जगभर मान्य झालेल्या अक्षरसंकेतात देवनागरी ‘क’ला २३२५ हा क्रमांक दिलेला आहे, ‘ख’ला २३२६ आणि ‘ग’ला २३२७. हा क्रमांकही यंत्र शून्य आणि एक ह्या दोनच चिन्हांनी लिहिते: १००१०००१०१०१. वीज आहे किंवा नाही, एवढ्या भेदावर ही सारी लिपी उभी आहे. चित्र, आवाज, गाणे, सोंगटीची जागा ही सर्व अशीच अंकांत उतरविली जातात. एकदा सर्व वस्तू अंकरूप झाल्या, की त्यांची तुलना करणे हे गणित होते. मुलीने ‘क’ म्हटले की ‘ख’, हे यंत्र ताडून पाहते आणि त्याप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड निवडते. हे काम एक दशांश सेकंदाच्या आत झाले म्हणजे मनुष्यास उत्तर तत्काळ मिळाल्याचा भास होतो. नांदेडहून मुंबई सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. परंतु काचतंतूतून धावणाऱ्या प्रकाशास हे अंतर कापण्यास सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग पुरतो. दूरचा गडी समोर बसल्यासारखा वाटतो तो ह्याच कारणाने.

यंत्राने ऐकावे आणि उत्तर द्यावे ही आकांक्षा मात्र ह्या विद्येहून जुनी आहे. रेडिओ हे मूळचे एकमुखी साधन. तो बोलतो, श्रोता ऐकतो. ही उणीव भरून काढण्याचा एक संस्मरणीय प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोन वेळा गावकऱ्यांनी एकत्र बसावे, कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावे; पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे यावी, अशी ती योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्या प्रयोगाची पाहणी केली. जेथे मंडळ होते त्या गावांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. जेथे रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे ती फारच थोडी पडली. यंत्र दोन्हीकडे तेच आणि शब्दही तेच. फरक होता तो माणसांच्या एकत्र बसण्याचा. आजच्या साधनांचा विचार करतानाही हा निष्कर्ष हाताशी ठेवावा इतका तो मोलाचा आहे.

त्यानंतर ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविण्यात आली. मराठवाड्याला लागून असलेला त्या काळचा गुलबर्गा जिल्हा त्यांत होता. चित्र आले, तरी उत्तराची वाट बंदच होती. ती काही अंशी उघडली २००४ साली सोडलेल्या ‘एज्युसॅट’ ह्या भारतीय उपग्रहाने. त्याच्या वर्गांत दूरचा विद्यार्थी अध्यापकास प्रश्न विचारू शके. परंतु असा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असल्यामुळे शब्द वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागे, आणि प्रत्येक वर्गास खर्चाची यंत्रसामग्री लागे. खेड्यांत खरी क्रांती घडविली ती जमिनीतून आलेल्या तंतूने, गावाजवळच्या मनोऱ्याने आणि हातात मावणाऱ्या मोबाईलने.

पाठ्यपुस्तक आणि मोबाईल ह्यांचा सांधा ज्याने जुळविला तो क्यूआर संकेत म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक लहानसा पट. १९९४ साली जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी मासाहिरो हारा ह्यांनी तो सिद्ध केला. आणि त्याची कल्पना त्यांस ‘गो’ ह्या खेळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाहून सुचली. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकटींवरून यंत्रास चित्राची दिशा कळते. माहिती अशा रीतीने दुणावून भरलेली असते, की योग्य प्रकारचा संकेत तीस टक्क्यांपर्यंत फाटला वा मळला तरी वाचता येतो. शाळकरी मुलाच्या दप्तरातील पुस्तकाची दशा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ह्या गुणाची किंमत वेगळी सांगावयास नको.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी ह्या लहानशा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांत असे संकेत घातले आणि पानावरील कवितेस आवाज दिला, धड्यास चालते चित्र दिले. पुढे ‘बालभारती’च्या पुस्तकांतही क्यूआर संकेत आले. डिसले ह्यांचे दुसरे कार्य ह्याहून महत्त्वाचे म्हणावे लागेल. परस्परांत वैर असलेल्या देशांतील मुलांना त्यांनी मोबाईल-संगणकाच्या पडद्यावर समोरासमोर आणले. भारतातील मुले पाकिस्तानातील मुलांशी बोलली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हे दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांस वाटून देण्याचे ठरविले.

नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांत ह्या साधनांची गरज तीन कारणांनी विशेष आहे. पहिले कारण भाषेचे. देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर, निलंगा ह्या भागांत मुलाच्या घरी तेलुगू, कानडी, उर्दू, गोरमाटी किंवा गोंडी बोलली जाते, आणि शाळेत त्यास मराठी पुस्तक मिळते. छापील पुस्तक एकाच भाषेत बोलू शकते. अंकीय पुस्तक तेच चित्र दाखवून दोन भाषांत बोलू शकते. दुसरे कारण स्थलांतराचे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे आजीपाशी राहिलेल्या मुलास आईचे मुख दिसते ते मोबाईलच्या पडद्यावर. तिसरे कारण ह्याच्या उलट दिशेचे. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले-मुली येतात आणि खोली घेऊन राहतात. त्यांचा घराशी धागा राहतो तो ह्याच काचेतून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचविण्याचे काम केले होते. आपल्या माणसाचा एक शब्द कानी यावा म्हणून जीव किती आसुसतो, हे त्या प्रदेशास निराळे सांगावे लागत नाही.

परंतु गरज मोठी म्हणजे साधन सर्वांपाशी आहे असे नव्हे. मार्च २०२० पासून करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आले, तेव्हा ज्या घरी एकच यंत्र होते ते सकाळी बापाबरोबर कामावर जाई. दोन भावंडांत ते कोणास मिळावे असा प्रश्न आला, की बहुधा मुलीची पाळी शेवटी येई. यंत्र उत्तर देण्यास सिद्ध होते. पण प्रश्न विचारणाऱ्या हातापर्यंत ते पोचतच नव्हते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. जे यंत्र मुलाची चूक ओळखून त्यास शिकवू शकते, तेच त्याची दुर्बलता ओळखून त्यास खिळवूही शकते. मूल कंटाळून उठण्याच्या बेतात आहे हे ताडून बक्षीस पुढे करावे, एक चित्र संपण्यापूर्वी दुसरे सुरू करावे, ही सारी त्याच गणिताची करामत होय. आपल्या पचिशीचाच वंशज असलेला ‘लुडो’ मोबाईलवर आला आणि २०२० साली टाळेबंदीत वेगवेगळ्या गावी अडकलेली भावंडे तो एकत्र खेळली, हे चांगलेच झाले. पण खेळाच्या नावाखाली रमी आणि पैजांचा पैसाही त्याच वाटेने आला. अवर्षण आणि कर्ज ह्यांनी आधीच गांजलेल्या घरात एका रात्रीत पीककर्जाचा हप्ता नाहीसा होणे म्हणजे काय, हे समजण्यास कल्पनाशक्तीची गरज नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि निव्वळ खेळास मोकळीक ठेवली. ही सीमारेषा योग्य जागी आहे.

गावांनीही आपापल्या परीने उत्तरे शोधली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी हे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल वापरण्यास मनाई केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून निराळा मार्ग धरला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद करून मुलांनी अभ्यासास बसावे असा नेम झाला. बान्सीचा मार्ग निर्धाराचा खरा. परंतु त्यात साधनाचा गुणही दाराबाहेर राहतो. वडगावच्या नेमात एक शहाणपण अधिक आहे. तेथे बंधन केवळ मुलांवर नाही, थोरांवरही आहे. आणि जे सर्वांनी मिळून पाळावयाचे ते मुलास शिक्षा वाटत नाही.

तेव्हा ह्या यंत्रांची परीक्षा करण्यास पालकाला किंवा शिक्षकाला यंत्रशास्त्र यावे लागत नाही. मुलाने काही केल्यावर यंत्र त्यास विचार करावयास लावते की केवळ आणखी बोट फिरवावयास लावते, हे पाहावे. खेळ संपविणे मुलाच्या हाती आहे की यंत्राच्या, हे पाहावे. आणि यंत्र बाजूस ठेवल्यावर मुलापाशी दुसऱ्या कोणाला सांगण्याजोगे काही उरते काय, हे विशेषेकरून पाहावे. पुणे केंद्राच्या प्रयोगातील गावकरी रेडिओ बंद झाल्यावर बोलू लागत, आणि त्यांचे शिक्षण तेथेच घडे. परितेवाडीच्या मुलांना पडद्यापलीकडे माणूस भेटला. यंत्र उत्तर देऊ लागले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु घरातील माणसांनी मुलाच्या प्रश्नास उत्तर देण्याचे काम त्यामुळे संपलेले नाही.