लातूरचा वकील

हिटलर म्हटलं की आपल्याला जर्मनी आठवते. पण १९४८ पर्यंत आपलं जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथेही एक माणूस असाच वर चढला. लातूरचा वकील कासिम रझवी. १९४६ मध्ये तो इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला. सरकारी खुर्ची एकही नाही. हाताशी होते रझाकार, म्हणजे गणवेशातली खाजगी फौज. हिटलरकडेही १९२१ पासून तपकिरी शर्टवाली टोळी होतीच की!

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे भारताशी 'जैसे थे' करार करायला दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाची घरं रझवीच्या जमावाने वेढली. निजामाने जमावाला हात लावला नाही, उलट शिष्टमंडळच बदललं. पंतप्रधान छत्तारीचे नवाब गेले, लायक अली आले. माझ्या मते खरा घात त्या दिवशी झाला. मग गावोगाव लूट, जाळपोळ. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेले. ते स्वतः मुसलमान होते.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरलं, १७ ला निजाम शरण आला. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.